चौदा जादा किलोमीटर

“रोज चौदा किलोमीटर! अहो, रोज चौदा किलोमीटर ही गाडी जाते कुठं?”

हेडक्लार्क लॉगबुक हातात नाचवत ओरडत होते. आवाज असा, की पार गंजगोलाईतल्या दुकानदारांनी तराजू खाली ठेवले असतील. “सकाळी साहेबांची सही, संध्याकाळी साहेबांची सही. मधली चौदा बिनसहीची. बिनसहीचे पैसे सरकार देत न्हाई, सांगून ठेवतो.”

“बाबूसाहेब, दुपारी गाडी लिंबाखाली उभी असते,” मी म्हणालो. “मी आतच असतो. डोळा लागलेला असतो, पण आतच.”

“मग लिंब फिरायला जात असंल,” हेडक्लार्क म्हणाले, आणि लॉगबुक माझ्या अंगावर टाकून चहाला गेले.

लातूर जिल्हा तेव्हा नवा होता. इतका नवा, की हपिसाच्या पाटीला टेकलं तर ‘जिल्हा’ शर्टावर उमटायचा. आमचं हपीस आधी भुसाराचं गोदाम होतं. साहेब खुर्चीवरून उठले की खाली दोन-चार तुरीचे दाणे हमखास सापडायचे. साहेब आले, शिपाई आले, शिक्के आले, गाड्या तेवढ्या आल्या नाहीत. त्यात दुष्काळ. साहेबांना गावोगाव जाऊन विहिरींत वाकून बघायचं आणि पाणी नाही असं लिहून आणायचं, एवढंच काम. त्यासाठी हपिसं खासगी गाड्या महिन्याच्या भाड्यानं लावून घेत. माझ्याकडं लायसन होतं, टोपी होती, गाडी नव्हती.

गाडी मिळाली नांदेडला. तिथल्या एका वकिलांना जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांची दुधी रंगाची अँबॅसिडर दारात उभी होती आणि त्यांच्या पत्नी, सगळे त्यांना बाईच म्हणत, ती अकरा महिन्यांच्या करारानं द्यायला तयार होत्या. मात्र अनामत रोख पाहिजे होती.

अनामत आली म्हशींतून. वैरण संपली होती, म्हणून मुखेडच्या बाजारात वडिलांनी दोन्ही म्हशी विकल्या होत्या. ते पैसे त्यांनी माझ्या हातात दिले, पण सोडले नाहीत. नोटांचं एक टोक त्यांच्या बोटांत, दुसरं माझ्या. “हे पैसे न्हाईत, म्हशी हायत,” ते म्हणाले. “पाऊस पडला की दोन म्हशी दावणीला पाहिजेत. दीड चालणार न्हाई.”

बाईंनी तीन पानी करार वाचून दाखवला. एकेक ओळ, बोट ठेवून. मी त्या वेळी बॉनेटमध्ये माझं तोंड बघत होतो. तोंड चांगलं दिसत होतं.

“समजलं का बाबा?”

“हाव बाई.”

“तीनही पानं समजली?”

“लई चांगली समजली.”

तीन ठिकाणी दस्तखत केलं आणि गाडी लातूरला आणली. करार समजायला मला पुढं महिना लागला, आणि तो समजला तो फटके खाऊन. इंजिन, टॅक्स, विमा बाईंचा. टायर, पंक्चर, ऑइल माझं. भाडं गाडी उभी राहिली तरी द्यायचं. महिन्याला किलोमीटर ठरलेले, त्याच्यावर एक जरी झाला तरी जादा आकार, आणि तो अनामतीतून कापायचा. मुदतीआधी गाडी परत केली तर अनामत बुडाली. म्हणजे बाई मोजणार मीटरवर दिसेल ते, आणि हपीस मोजणार साहेब सही करतील ते. या दोहोंत जे फरकाचं राहील ते माझ्या म्हशींच्या अंगावरून जाणार. रोज चौदा. पहिल्या पंधरा दिवसांतच मला एक म्हैस पाठमोरी दिसायला लागली.

मी सगळे उपाय केले. बारा वाजता साहेब पंख्याखाली जात ते तीनला बाहेर येत. तेवढ्या वेळात चारही चाकांभोवती खडूनं रेघ मारली. शिपायाला समोर स्टूल टाकून बसवलं. तीन वाजता रेघ जशीच्या तशी, शिपाई जसाच्या तसा. “मालक, गाडी तसूभर हालली न्हाई,” तो म्हणाला. मीटर चौदानं पुढं.

मग उदगीरकडच्या एका मिस्त्रीला आणलं. त्यानं मीटरची केबल काढली, गुंडाळली आणि डिकीत ठेवली. आता मीटरला चाकाशी काही देणंघेणं उरलं नव्हतं. आम्ही दोघं समोरच्या टपरीवर चहा पीत बसलो. एरवी तिथं मला कधी पेंग आली नाही, पण त्या दिवशी बाराच्या ठोक्याला बाकावरच मान पडली. तीनला मिस्त्रीनं हलवून उठवलं. मीटर चौदानं पुढं. त्यानं हात पुसले, पिशवी उचलली.

“भाऊ, ह्यो आपल्या लाइनीतला बिघाड न्हाई.”

“पैसे किती झाले?”

“नको,” तो म्हणाला आणि मागं न बघता चालायला लागला. पैसे नको म्हणणारा मिस्त्री मी आयुष्यात तो एकच पाहिला. खरी भीती मला तिथं वाटली.

त्यानंतर मला एकेक दिसायला लागलं. शहरात टँकरमागं घागरी धावत होत्या, नळातून हवेची शिट्टी येत होती, आणि माझा रेडिएटर दुपारी तीनला काठोकाठ भरलेला. बोट बुडवलं तर हाडापर्यंत गार. पाणी असं नितळ, की दोन वर्षांत तसं पाणी मी फक्त कॅलेंडरवर पाहिलं होतं. टायरच्या नक्षीत चिखल. ओला, काळा चिखल. अख्ख्या जिल्ह्यात चिखल करायला पाणी नव्हतं, तिथं माझ्या चाकांना तो लागलेला. आणि मागच्या सीटवर, डाव्या बाजूला, जिथं साहेब बसतात तिथं, केळीच्या पानाची फाटलेली हिरवीगार पट्टी. तिला वरणाचा वास येत होता.

मी एक दुपार जागायचं ठरवलं. ड्रायव्हरच्या सीटवर बसलो, डोळ्यांना कांदा लावला. खोटं सांगत नाही, अर्धा कांदा. बारा वाजले. रस्ता पांढरा पडला. कावळा ओरडायचा थांबला, टपरीवरचा स्टो थांबला, इतकं सगळं थांबलं की माझ्या मनगटावरचं घड्याळ मला दुसऱ्या कुणाच्या तरी हातातलं वाटलं. मग मागचं दार उघडून लागल्याचा आवाज आला. सावकाश, सवयीचा आवाज. सीटच्या स्प्रिंगा दबल्या. मी आरशात बघणार होतो. शपथेवर सांगतो, बघणारच होतो.

डोळे उघडले तेव्हा तीन वाजले होते आणि माझा पाय ब्रेकवर गच्च दाबलेला होता. मागं कुणी नव्हतं. सीट मात्र डाव्या बाजूला खोलगट बसली होती आणि हळूहळू वर येत होती.

महिना भरला. भाडं आणि मीटरचा आकडा घेऊन मी नांदेडला बाईंकडं गेलो. वाटभर बोलायची तयारी केली होती, पण बाईंनी आकडा पाहिला, पेन्सिल घेतली आणि मी तोंड उघडायच्या आत महिन्याच्या दिवसांनी चौदाला गुणून तेवढे वजा केले.

“ठरल्याच्या आतच हाय गाडी,” त्या म्हणाल्या. “जादा आकार न्हाई.”

“बाई, हे चौदा तुम्हाला कुणी सांगितलं?”

“दुसरं पान वाचा.”

वाचलं. दुपारी बारा ते तीन गाडी उभी राहील, व त्या वेळेत ती मालकाच्या ताब्यात समजली जाईल. खाली माझं दस्तखत, वळणदार.

“मालक म्हणजे…”

“कोर्टाची मधली सुट्टी झाली की मळ्यात जेवायला जायचे,” बाई म्हणाल्या. “सात जायला, सात यायला. पानावर जेवायचे. ताट चालत नव्हतं.”

“पण बाई, मळा नांदेडला. गाडी लातूरला.”

“गाडी लातूरला गेली हे त्यांना कुणी सांगितलं?”

करार तिथंच मोडतो म्हणालो. बाईंनी तिसरं पान काढून समोर ठेवलं. मुदतीआधी परत, अनामत बुडीत. मी त्या ओळीकडं बघितलं आणि मला दोन्ही म्हशी दिसल्या, रिकाम्या दावणीकडं तोंड करून. माणूस मेलेल्या माणसाला भितो, पण बापाला जास्त भितो. गाडी घेऊन मी लातूरला परत आलो.

उरलेले दहा महिने काढले. हेडक्लार्कला सांगितलं, मधले चौदा माझे नाहीत, लिहू नका. बाराच्या आत गाडी लिंबाखाली लावायची, पाणी प्यायचं आणि सीटवर मान टाकायची. झोप अशी यायची, जशी कुणी बोलावून आणली. संध्याकाळी अंग मोडून यायचं. एकदा साहेब म्हणाले, “ड्रायव्हर, तुमच्या गाडीत मागं बसलं की जेवल्यासारखं वाटतं.” मी गिअर बदलला. दुष्काळात कुणाचं पोट भरत असेल तर भरू द्यावं.

अकराव्या महिन्यात पाऊस आला आणि गाडी परत करायचा दिवस आला. बाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून चारही टायर बघितले. मग अनामतीच्या नोटा मोजल्या आणि त्यातल्या बऱ्याच उचलून बाजूला ठेवल्या. उरल्या त्यांत एक म्हैस येत होती आणि दुसरीचं दावं.

“टायर गुळगुळीत झालेत,” त्या म्हणाल्या. “टायर घेणाऱ्याचे.”

मला वडिलांची बोटं दिसली, नोटांचं टोक धरलेली. अकरा महिन्यांत पहिल्यांदा माझा आवाज चढला. “बाई, हे बरोबर न्हाई. रोज चौदा किलोमीटर वकीलसाहेबांनी चालवली, चिखलातनं चालवली. त्यांच्या वाटणीचे टायर मी का भरू?”

बाईंनी नोटांना रबर लावलं.

“त्यांना कुठं चालवता येत होती?” त्या म्हणाल्या. “म्हणून तर मी गाडी ड्रायव्हरलाच देते.”