चालू मागावरचा हात

आमच्या वडगावच्या घरात खालच्या खोलीत साड्यांचे यंत्रमाग आहेत. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, काम सोडलं तरी मागांमधल्या बोळातून त्यांची रोजची फेरी चुकत नसे. जाताना प्रत्येक मागाला हात लागायचा. "आप्पा हातानंच तुटलेला धागा ओळखतात," असं मी पाहुण्यांना कौतुकानं सांगायचो. विणकराचा हात कापडाकडं जाणारच. त्यात शंका कसली घ्यायची?

एका दुपारी लाईट गेली. खडखडाट थांबला आणि त्या शांततेत आवाज आला, सर्र... सर्र. आप्पांची चप्पल! डावा पाय ते उचलतच नव्हते. हातही साडीवर नव्हता, त्यांनी मागाची चौकट घट्ट धरली होती. म्हणजे एरवी ते चालू मागाचा आधार घेत होते, आणि मी कौतुक करत बसलो होतो.

"आप्पा, हात सोडून इकडं या बघू."

"का रं? परीक्षा घ्यायलास व्हय?"

ते आले, पण वळताना झोक गेला. मी धावत जाऊन धरलं.

"पडलो न्हाय मी," ते रागावले.

"न्हाय पडला, म्हणूनच आत्ता दवाखान्यात जायचं!" मी जवळजवळ ओरडलोच.

आई म्हणाली, "मुहूर्त टळत असल्यागत काय घाई ही!"

डॉक्टरांनी आप्पांना हात न टेकता खुर्चीवरून उठायला लावलं, चालवलं, वळवलं. उठल्यावर रक्तदाब उतरत होता, मांड्यांतलं, त्यातही डाव्या मांडीतलं, बळ कमी झालं होतं. रक्तदाबाची गोळी बदलली, व्यायाम दिला. "वेळेत आणलंत. लोक पडल्यावर येतात," ते म्हणाले. मी पहिल्या नंबरानं पास झाल्यासारखा बाहेर आलो. पायरी उतरताना मात्र ती सर्र सर्र पुन्हा कानात आली आणि मान खाली गेली.

आता रोज संध्याकाळी लाईट असूनही मी माग बंद करतो. शेजारचे अण्णा खिडकीतून ओरडतात, "लाईट हाय की रं, माग का बंद?"

"आप्पा चालायलेत!"

काल आप्पा दोन्ही हात पाठीमागं बांधून निघाले. टप, टप. डावा पाय उचलला जात होता! मी श्वास रोखून ऐकत होतो. शेवटच्या मागापाशी थांबून त्यांनी हात पुढं केला.

"आप्पा, धरायचं न्हाय!"

"आधाराला न्हाय रं, शाण्या. धागा तुटलाय हितं."

वाकून बघितलं. खरंच तुटला होता.