शिवेच्या आत

किंजळवाडीतली निम्मी माणसं मालिनीच्या हातांवर जन्माला आली आणि उरलेल्या निम्म्यांना तिने सुया टोचल्या. उपकेंद्रातली नर्स म्हणून तिचा सगळा जन्म गेला. लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर "सवड कुठे मिळाली" म्हणून हसायची. घरात ती आणि तिचे वडील आप्पा. काचबिंदूने आप्पांचे दोन्ही डोळे गेलेले.

निवृत्तीनंतर माणसं काशीला जातात, भाचरंडांच्या लग्नात पुढे पुढे करतात. मालिनीने आफ्रिकेला जायचं काढलं. टांझानियाच्या किनाऱ्यावर एका खेड्यात सुईणींना शिकवायचं, वर्षभर, बिनपगारी. बाईच्या डोक्यावर परिणाम झाला, असं वाडीचं मत पडलं. आप्पा मात्र म्हणाले, "जा गो. माझ्यापायी तुझा जन्म ह्या पाखाडीच्या पायऱ्या चढण्यात गेला." तिला ते लागलं, आणि तरी ती निघाली. आप्पांना दोन वेळचा डबा शेजारच्या चिमाने द्यायचा ठरला.

निघण्याआधी राखणदाराला नारळ द्यायला हवा होता. वाडीच्या वरच्या अंगाला किंजळीच्या झाडाखाली एक दगड आहे, तोच राखणदार. त्याच्या कानावर घातल्याशिवाय वाडीत काही होत नाही. गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे सगळ्यांच्या वतीने त्याच्याकडे मागायचा, मान वाडीतल्या महिपतचा. मुंबईला निघालेल्या पुरुषांचं गाऱ्हाणं वेगळं, त्यात "शिवेबाहेर सोबत कर" असं असतं. बायकांचं वेगळं, कारण बायका नारळ घेऊन यायच्या त्या आजारपणाच्या नाहीतर बाळंतपणाच्या. महिपतने डोळे मिटले, समोर बाईमाणूस आहे एवढं त्याच्या जिभेला पुरलं. "बा राखणदारा, ह्या तुझ्या लेकीला शिवेच्या आत सुखरूप ठेव. हिला कुठं जाऊ देऊ नको." जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. मालिनीनेही म्हटलं. बाई विमानाने समुद्रापार चाललीय, हे त्या घटकेला एकाच्याही ध्यानात आलं नाही.

तिकडचं गाव आपल्यासारखंच निघालं. लाल माती, माड, काजू. आईला तिकडे 'मामा' म्हणतात, त्यामुळे "मामा मालिनी" अशी हाक आली की सुरुवातीला तिला हसू आवरायचं नाही. पुढे हसू आटलं. माणसं प्रेमळ होती, पण तिला विसरायची. पंगतीत सगळ्यांना वाढून व्हायचं आणि नेमकी तिची थाळी राहायची. मग ज्याने वाढलं तो ओशाळून कपाळाला हात लावायचा. गावातली कुत्री परक्या माणसाला फाडून खातील अशी. तिच्याकडे मान वर करूनही बघत नसत. ती शेजारून गेली तरी झोपलेली ती झोपलेलीच.

ज्या म्हातारीच्या घरी ती राहत होती, तिने एका दुपारी मालिनीचा हात आपल्या तळव्यावर घेतला आणि वजन करावं तसा वरखाली केला. "तू अजून आलेली नाहीस," ती म्हणाली. तेवढी भाषा मालिनीला कळू लागली होती. 

त्या गावात फोन लागत नसे, म्हणून त्याच आठवड्यात शहरात जाऊन तिने पहिल्यांदा घरी फोन लावला. आप्पा वैतागले. "फोन कशाला करतेस गो? आता तर पेज दिलीस." म्हातारपण, दुसरं काय, अशी तिने मनाची समजूत घातली आणि चिमाला फोन केला.

"डबा?" चिमा म्हणाली. "तुम्हीच दुसऱ्या दिवशी दारातनं सांगितलात ना, नको म्हणून?"

म्हणजे इतके महिने आप्पांना जेवू कोण घालत होतं? मालिनी वर्ष पुरं न करताच परतली.

रिक्षाने तिला भर दुपारी पाखाडीखाली सोडलं. खंड्या, तिनेच बाटलीने दूध पाजून वाढवलेला कुत्रा, मानेवरचे केस फुलवून तिच्यावर भुंकत सुटला. डोक्यावर हंडा घेऊन चिमा उतरत होती. ती थबकली. मालिनीच्या बॅगेकडे बघितलं, मग वर घराकडे बघितलं. "आत्ता तर विहिरीवर होतात," एवढंच पुटपुटली आणि भराभर खाली निघून गेली.

अंगण सारवलेलं होतं, अजून ओलं. दांडीवर तिची हिरवी साडी निथळत होती. तीच साडी तिच्या बॅगेत घडी करून होती. पडवीत आप्पा बसले होते. नखं कापलेली, दाढी केलेली, अंगाने चांगले भरलेले.

"कोण आलांय?" त्यांनी विचारलं.

"मी, आप्पा. मालू."

आप्पांनी आवाजाच्या दिशेने कान दिला. मग घरात तोंड करून म्हणाले, "मालू, बघ गो, कोणीतरी पाव्हणी आलेय."

आत कोणीतरी पळी खाली ठेवली. पावलं माजघरापर्यंत आली आणि तिथेच थांबली. आयुष्यभर रात्री-अपरात्री कुणाच्याही घरात शिरलेली मालिनी स्वतःचा उंबरा ओलांडू शकली नाही. ती तशीच मागे वळली आणि महिपतच्या घरी गेली.

महिपतने सगळं ऐकून घेतलं. "बाईमाणूस दिसलां, सवयीनं आलां तेच बोललो. चुकी माझी." गाऱ्हाणं बदलून घालता येतं, तो म्हणाला, पण शिवेच्या आत एकच राहील, आणि कोणती ते घरच्या माणसाने सांगायचं. घरचं माणूस म्हणजे आप्पा.

रात्री मालिनी महिपतकडेच राहिली, आणि सकाळी त्याच्या निरोपावरून काठी धरून आप्पा किंजळीखाली आले. महिपतने नारळ पुढे केला. "आप्पा, तुमची कोणती?"

मालिनीला एकच शब्द ऐकायचा होता. आप्पांनी तिचा चेहरा चाचपला. कपाळ, नाक, लहानपणी पाखाडीवर पडून झालेला हनुवटीवरचा व्रण. त्यांची बोटं तिथे खूप वेळ थांबली.

"ही माझीच हाय," ते म्हणाले. मालिनीच्या जिवात जीव आला. "पण हिला जायचां होतां, आणि जा म्हणून मीच सांगितलां. घरात हाय तिनं मला कधी उपाशी ठेवलान नाय." मग त्यांनी नारळावर हात ठेवला, आणि महिपतच्या आधी स्वतःच गाऱ्हाणं घातलं. "बा राखणदारा, हिला शिवेबाहेर सोबत कर."

मालिनीला रडू आलं, आणि संताप तर असा आला की आप्पांच्या पायाही न पडता ती पाखाडी उतरली. खाली पोचल्यावर तिने एकदा वर बघितलं. आप्पा घराकडे चालले होते, आणि त्यांची काठी कोणीतरी धरली होती. हिरव्या साडीचा पदर तेवढा झाडांतून दिसला.

ती परत त्या किनाऱ्यावरच्या गावी गेली. जायला दुसरं ठिकाण उरलं नव्हतं. बसमधून उतरून तिने बॅग जमिनीवर ठेवली, आणि गावातली सगळी कुत्री भुंकत तिच्या अंगावर धावून आली. गलका ऐकून म्हातारी दारात आली. तिने कुत्र्यांना दगड मारून हाकललं.

"आलीस का?" ती म्हणाली, आणि थाळी मांडायला आत गेली.