वांगी निरखणारी बाई

अमळनेर स्टेशनात सुरतची गाडी लागली होती आणि आई माझ्या बॅगेत कळण्याचं पीठ अजून कोंबतच होती. "घरात कधी कुणाचं ऐकलं नाही," ती डब्यातल्या बायांना सांगत होती, "आणि आता परक्यांचं ऐकायचा पगार घेणार!" वडील, निवृत्त मास्तर, एवढंच म्हणाले, "जमलं नाही तर निमूट परत ये." मला त्या 'निमूट'चाच राग आला.

सिल्वासाजवळच्या सायली गावात एका कारखान्यात मी चार वर्षं समुपदेशक होते. कामगार यायचे आणि म्हणायचे, "मॅडम, टेन्शन काही नाही, फक्त शिफ्ट बदलून द्या." शेवटी नोकरी सोडली, सिल्वासात एक खोली घेतली, दोन खुर्च्या, घड्याळ आणि टिश्यूचा डबा मांडला. पहिल्या आल्या लताबाई. नाव बदललंय, त्यावरून त्या रुसल्यात. नंदुरबारकडच्या, धाग्याच्या कारखान्यात कामाला, झोप पार उडालेली. काही सेशननंतर झोप येऊ लागली आणि त्यांनी आणखी चौघी पाठवल्या. मी हवेत!

आमच्या कामात नियम असतो: क्लायंट बाहेर दिसला तर आपण होऊन ओळख दाखवायची नाही, उगाच त्याची चर्चा नको. रविवारच्या बाजारात लताबाईंनी हाक मारली. आता बोलायला हरकत नव्हती, पण सोबत शेजारणी दिसल्या आणि मी नियमाला वरून फोडणी दिली. लग्नासाठी मुलगी बघावी तशी वांगी निरखत राहिले. त्यांनी तीनदा हाका मारल्या.

पुढच्या आठवड्यात कुणी फिरकलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आपल्याकडे भांडलेलं खपतं, पण ओळख दाखवली नाही की माणूस संपला. खानदेशची पोर असून मी हे पुस्तकं वाचून विसरले होते. महिनाभर रिकाम्या खुर्चीसमोर बसले आणि खोली सोडायचं ठरवलं. अगदी निमूट.

जाण्याआधी माफी मागावी म्हणून लताबाईंच्या चाळीत गेले. शेजारणींदेखत त्यांनी विचारलं, "ताई, बाजारमा माले वयखं नही तुम्ही?"

ओळख का दाखवली नाही, तो नियम मी सांगितला: तुम्ही माझ्याकडे येता हे कुणाला कळू नये म्हणून.

त्या हसतच सुटल्या. "अवं ताई, माले झोप लागाले लागनी, हाई मी पुरी चाळले सांगेल शे! तुम्हीच कसाले लपतस?"

दारातल्या शेजारणींनी लगेच आपापली दुखणी एकदमच सुरू केली. एकेकट्या या, हे सांगता सांगता माझा घसा बसला.

आता पहिल्या सेशनलाच विचारते, बाहेर भेटलो तर बोलायचं का? बँकेतले एक गुजराती साहेब घाईघाईनं म्हणाले, "ना ना, बेन!" खानदेशी बायांना मात्र हा प्रश्नच खुळचट वाटतो. रविवारी पाव किलो मिरच्या आणायला मला दीड तास लागतो.

गेल्या दिवाळीत अमळनेरच्या बाजारात मुद्दाम रेंगाळले. गावातल्या मैत्रिणींनो, तुमच्यातली कुणी सुरतेला, कुणी वापीला, कुणी सासरी. एकही हाक आली नाही. दहा मिनिटांत पिशवी भरली.

"लवकर आलीस गं!" आई म्हणाली, आणि मला भर स्वयंपाकघरात रडू फुटलं. सिल्वासाची आठवण येत होती, हे तिला कोणत्या तोंडानं सांगणार?