इस्त्रीवाल्या बाई

स्टुडिओत त्यांना सगळे ‘इस्त्रीवाल्या बाई’ म्हणत. पुढच्या खोलीत मालक फोटो काढायचे आणि मागच्या बिनखिडकीच्या खोलीत बाई कॉम्प्युटरवर त्या चेहऱ्यांच्या सुरकुत्या मोडायच्या. आधी डाग, मग डोळ्यांखालचं काळं, मग हनुवटी, शेवटी रंग दोन छटा उजळ. सोळा वर्षं हाच क्रम. गिऱ्हाईक फोनवर जाहिरातीतली नटी दाखवून म्हणायचं, “असं करा.” एकदा एका आजींनाही तसंच हवं होतं, आणि नटी त्यांच्या नातीच्या वयाची! बाईंनी आढेवेढे घेतले तेव्हा मालक म्हणाले, “अहो बाई, खरं बघायला लोकांच्या घरी आरसे आहेत. आपल्याकडे कशाला येतील?” बाई मुकाट्यानं कामाला लागल्या. घर त्याच पगारावर चालत होतं आणि दुसरं काम त्यांना येत नव्हतं.

एका चेहऱ्याला मात्र त्यांनी कधी हात लावला नव्हता. त्यांच्या मुलीच्या डाव्या गालावर, कानापासून ओठांपर्यंत, जन्मापासूनचा तांबूस डाग होता. लहानपणी ती साबणानं गाल घासत बसायची. तेव्हा बाई म्हणायच्या, “अगं वेडे, तो पुसला तर गर्दीत मी तुला ओळखू कशी?” पोरीला ते पटायचं. पुढे ती पंधरा वर्षांची झाली, हातात फोन आला, आणि फोनमधल्या एकाही मुलीच्या गालावर साधा तीळसुद्धा नव्हता. ते गाल कुठल्या तरी इस्त्रीवाल्या बाईनंच घासलेत, हे आईनं शंभरदा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. तेव्हापासून तिचे केस डाव्या गालावर आले ते आलेच.

आता सतराव्या वर्षी परीक्षेचा फॉर्म भरायचा होता. त्यावर छापलेलं होतं : केस मागे बांधलेले, चेहरा पूर्ण दिसायला हवा. मुलगी दोन दिवस जेवली नाही धड. शेवटी म्हणाली, “फोटो तुमच्याच स्टुडिओत काढीन. तू तरी त्याला हात लावणार नाहीस.”

ती आली, केस बांधून मालकांसमोर बसली आणि डोळ्यांची पापणी न हलवता फोटो काढून घेतला. दारातून बघताना बाईंचा ऊर भरून आला.

फॉर्मचेच दिवस होते. त्या दिवशी बासष्ट चेहरे आले. बाईंच्या नाकी नऊ आले होते. एक झाला की दुसरा, डाग, डोळे, हनुवटी, रंग. संध्याकाळी मुलीच्या फोटोंचं पाकीट त्यांनी पर्समध्ये टाकलं आणि घर गाठलं.

मुलीनं पाकीट उघडलं. मग फोटो आईसमोर धरून म्हणाली, “कसा आलाय?”

“छान आलाय की,” बाई म्हणाल्या.

“नीट बघ ना.”

बाईंनी नीट बघितलं. तरी क्षणभर त्यांना काहीच कमी दिसेना. मग दिसलं. दोन्ही गाल सारखेच गुळगुळीत होते.

“अगं, चुकून... हाताला सवय...”

“गर्दीत मला ओळखणार होतीस ना तू?”

दुसऱ्या दिवशी स्टुडिओ उघडायच्या आत बाई दारात उभ्या होत्या. मूळ फोटो शोधून, माऊसला अगदी जपून हात लावत, त्यांनी तो जसाच्या तसा छापला. मुलीनं तोच फॉर्मवर चिकटवला. रागावली नाही, रडली नाही. बाईंना वाटलं, निभावलं.

परीक्षेच्या सकाळी मुलगी केस मागे बांधून जेवायला बसली. फॉर्मच्या फोटोत होते तसेच, गच्च. बाईंना इतकं बरं वाटलं की त्या घास घ्यायचा विसरून तिच्याकडे बघतच राहिल्या. खिडकीतून ऊन थेट तिच्या डाव्या गालावर पडलं होतं. बघता बघता बाईंना काही कळलं नाही, पण ताटाशेजारच्या उजव्या हाताचं पहिलं बोट टेबलावर हळूच दाबलं गेलं. एकदा, आणि पुन्हा एकदा, डाग पुसताना माऊसवर दाबलं जातं तसंच.

मुलीनं त्या बोटाकडे बघितलं. मग तिनं केसांचं रबर काढलं आणि केस पुढे घेतले.