अर्ध्या तासानंतरची सभा

आमच्या हुडकेश्वरच्या सोसायटीचा सेक्रेटरी मी. सभेचे नियम मला तोंडपाठ, आणि त्याचा भारी माज. एखादा ठराव नको असेल तर विरोध करून वाईट कशाला व्हायचं? 'पुढच्या सभेपर्यंत तहकूब' एवढंच लिहायचं. पुढच्या सभेत तो जुना विषय म्हणून सगळ्यात आधी येतो. आला की परत तहकूब.

असा एक ठराव मी दीड वर्ष ढकलत होतो. तळमजल्यावरच्या मावशींचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून त्या वॉकरवर. दारापासून अंगणापर्यंत पाच पायऱ्या. तिथं उतार बांधून द्या, थंडीत जरा उन्हात बसीन, एवढंच त्यांचं मागणं. पण उतार बांधला की पायऱ्यांलगतची सावलीची जागा जाणार, आणि तिथं स्कूटर कोणाची? माझीच. नागपूरच्या उन्हाळ्यात सावली सोडणं म्हणजे काय, ते नागपूरकरालाच विचारा. मी चेहरा गंभीर करून म्हणायचो, "विषय नाजूक आहे, अभ्यास करावा लागेल." बाकीचे माना डोलवायचे.

यंदाची वार्षिक सभा जानेवारीतल्या रविवारी सकाळी अंगणात भरली. भरली कसली, कोरमच नाही! अशा वेळी सभा अर्धा तास तहकूब करायची आणि मग त्याच जागी, असतील तेवढ्या मेंबरांत चालवायची. तेव्हा कोरम लागत नाही. आमच्याकडे या अर्ध्या तासात तर्री-पोहे खायची पद्धत. अध्यक्षांसकट सगळी मंडळी चौकातल्या ठेल्यावर गेली. मी नियमाचा पक्का, वही धरून एकटा बसलो.

तेवढ्यात मावशींच्या सुनेनं आणि गल्लीतल्या भाजीवाल्यानं त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून खाली आणलं. मावशींनी आधी डोळे मिटून ऊन अंगावर घेतलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"अर्धा तास झाला का गा भाऊ?"

घड्याळात दोन मिनिटं वर झाली होती. "झाला. पण मंडळी पोहे खाऊन राहिली, मावशी. थांबू जरा."

"काहून? नोटिशीत तूच लिहिलं ना, कोरम लागत नाही म्हणून? सुनेनं वाचून दाखवली मले. फ्लॅट माह्या नावावर, म्हणजे मी मेंबर. तू मेंबर. कर सुरू."

अरे बाप रे! माझ्याच नियमात मी सापडलो.

"पहिला विषय उताराचा," त्या म्हणाल्या. "सूचक मी. आता अनुमोदक पाहिजे."

मी घसा खाकरला. "विषय जरा नाजूक..."

"तुले ह्या पाच पायऱ्या उतराले किती वेळ लागते?"

"असेल... पाच सेकंद."

"मले दीड वर्ष लागलं."

रागानं नाही, हसतच म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रोज त्यांच्या खिडकीखालून स्कूटर काढत होतो, एकदा वर पाहिलं नव्हतं.

अनुमोदक म्हणून मी माझं नाव लिहिलं. ठराव एकमताने मंजूर.

"काम कवापासून?"

"पुढच्या..." मेली सवय! जीभ चावली आणि 'उद्यापासून' लिहिलं. वही त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी सावकाश, एकेक अक्षर काढत सही केली.

सून खुर्ची उचलायला वाकली, तर त्यांनी तिचा हात धरला.

"नको वं इतक्यात. बसू दे मले अजून."