डावा गुडघा ट्रायलवर

आईच्या दोन गुडघ्यांपैकी एकाच गुडघ्याला औषध लावायचं, हा निर्णय माझा होता. घरात तो कोणालाही पटला नव्हता. गुडघ्यांच्या मालकिणीला तर अजिबात नाही.

मी सिल्वासातल्या एका धाग्याच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. माझी सही झाल्याशिवाय मालाचा एक लॉट गेटबाहेर जात नाही. गेली बावीस वर्षं मला कोणी फसवलेलं नाही, असं मी चारचौघांत सांगत असे. (आता सांगत नाही. का, ते पुढे येईलच.)

आई जळगावकडे चोपड्याला, गावच्या घरी एकटी राहायची. गेल्या वर्षी अंगणात पडली आणि दूधवाला येईपर्यंत दोन तास तशीच पडून राहिली. ते कळल्यावर मी तडक जाऊन तिला सिल्वासात डोकमर्डीला आमच्या फ्लॅटवर घेऊन आलो. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही. आली त्या दिवशी आई धापा टाकत वर चढली, ती चार महिने खाली उतरलीच नाही. मग एके दिवशी जेवताना म्हणाली, "भाऊ, मला गावी सोडी दे. माझे गुडघे तुझ्या बिल्डिंगचे नाहीत."

वंदना, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "आई, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय ना?"

"ऑपरेशन केलं तर मी गावी नाही, वर जाईन," आई म्हणाली आणि तिने ताक मागितलं. विषय संपला.

त्याच आठवड्यात वर्तमानपत्रातून एक गुलाबी पत्रक निसटून पडलं. मराठी, गुजराती आणि हिंदी अशा तीन भाषांत. गुडघे, कंबर, मान, मूळव्याध, केसगळती आणि मन न लागणे या सर्वांवर एकच तेल. 'निराश रुग्णांनी अवश्य भेटावे.' मुंबईचे सुप्रसिद्ध तज्ज्ञ डॉक्टर दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी बस स्टँडजवळच्या लॉजमध्ये खोली नंबर सातला भेटतील. त्याखाली वापी, नाशिक आणि जळगावचे वार दिले होते. आणि त्याच्याही खाली ठळक अक्षरांत, 'आमची कोठेही शाखा नाही.'

"थापा आहेत," मी म्हणालो.

"तू लावून बघितलंस का?" आईने विचारलं.

हा प्रश्न तिने एखाद्या दुकानदाराला विचारला असता तर चाललं असतं. क्वालिटीच्या माणसाला विचारला. तपासल्याशिवाय माल रिजेक्ट करता येत नाही, हे मी दिवसातून दहा वेळा हाताखालच्या पोरांना ऐकवतो. तेव्हा दुसऱ्या रविवारी मी जाऊन बाटली घेऊन आलो. तेल हिरवं होतं आणि त्याला ओव्याचा वास होता.

कारखान्यात नवीन तेल आलं की आम्ही ते सगळ्या मशिनांना घालत नाही. एका मशिनला घालतो, शेजारचं तसंच ठेवतो आणि दोन्हींचा धागा ताडून बघतो. आईला मी हेच समजावलं. "डाव्याला तेल. उजव्याला काही नाही. दोन महिने."

"का? उजव्यानं काय पाप केलं?"

"उजवा कंट्रोल आहे."

"मी काय मशीन शे का रे?"

वंदना मध्ये पडली. "अहो, दुखतात दोन्ही. थोडं तिकडेही पुसलं तर काय बिघडतं?"

"सॅम्पल बिघडतं," मी म्हणालो. आणि तेल लावायचं काम त्याच क्षणी तिच्याकडून काढून घेतलं. मऊ मनाच्या माणसाच्या हाती ट्रायल देता येत नाही.

झालं. रोज संध्याकाळी ड्यूटीवरून आलो की हातपाय धुऊन मी आईसमोर पाटावर बसायचो. डाव्या गुडघ्याला पंचवीस मिनिटं मालिश, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. सकाळी जिन्यावर रीडिंग. एक मजला उतरायचं, चढायचं आणि कुठला गुडघा किती दुखला ते दहापैकी सांगायचं. तिसऱ्या आठवड्यात मी दोन मजले केले, पाचव्यात तीन. फ्रिजवर तक्ता लावला. पाहुणे आले की आधी तक्ता बघायचे, मग आईकडे बघायचे आणि मग माझ्याकडे.

मालिश करताना आई बोलत राहायची. आमच्या म्हशीचं, वडिलांचं, मी चौथीत शाळा बुडवून केळीच्या बागेत लपलो होतो त्याचं. मी हं हं करायचो आणि घड्याळ बघायचो. याच काळात ती दुपारची आपली आपण खाली जाऊ लागली होती. भाजीवालीशी तिची गट्टी जमली होती, अथालहून येणाऱ्या दूधवालीला ती पुरणपोळी शिकवत होती. पण हे माझ्या नजरेत आलं नाही, कारण तक्त्यात तसा रकाना नव्हता.

आठ आठवड्यांनी आकडे आले ते असे. दोन्ही गुडघे आठवर होते. बिनतेलाचा उजवा दोनवर उतरला. तेलाचा डावा सातवर अडून बसला.

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. असा स्वच्छ रिझल्ट मला कारखान्यात कधी मिळाला नव्हता. तेल बाद. नुसतं बाद नाही, गुडघ्याला अपायकारक. मी रिपोर्ट टाइप केला, सही केली, हुद्दा लिहिला आणि दुसऱ्या रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून लॉजवर गेलो.

खोली नंबर सातबाहेर पंचवीस-तीस माणसं होती. खानवेलहून आलेल्या म्हाताऱ्या, कारखान्यातले कामगार, एक बाई तर टिफिन घेऊन. मी दारात उभा राहून कागद वर धरला आणि खणखणीत आवाजात वाचून दाखवला. "ज्या गुडघ्याला तेल लावलं तो तसाच. ज्याला लावलं नाही तो बरा. आता बोला."

डॉक्टर खुर्चीतून उठले. त्यांनी रिपोर्ट घेतला, चष्मा लावला, शेवटपर्यंत वाचला आणि तो लोकांना दाखवत म्हणाले, "देखो भाई, साहेब कंपनीत क्वालिटीचे अधिकारी आहेत. एवढं बारीक काम मी आयुष्यात बघितलं नाही. हे तेल वरवर राहत नाही, आत मुरतं. डाव्याला लावलं, उजव्यापर्यंत पोचलं. आधी लांबचं दुखणं काढतं, मग जवळचं. डाव्याला अजून दोन बाटल्या लागतील."

"अहो, तसं नाही," मी ओरडलो.

"ओरडू नका साहेब, आनंद आम्हालाही झालाय," डॉक्टर म्हणाले. टिफिनवाल्या बाईने टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. कोणीतरी फोटो काढला. खोलीतल्या बाटल्या अर्ध्या तासात संपल्या आणि माझा रिपोर्ट डॉक्टरांच्या बॅगेत गेला.

पुढच्या पत्रकाचा रंग पिवळा होता. 'एका गुडघ्याला लावा, दोन्ही बरे करा.' त्याखाली हात उंचावून ओरडणारा मी. फोटोत मात्र मी तेलाचा जयजयकार करतोय असंच दिसत होतं. खाली हुद्दा आणि माझी सही, अगदी स्पष्ट. कारखान्यात मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, नोकरी गेली. त्यांनी दार लावलं आणि हळूच विचारलं, "मानेला चालतं का?"

मी तणतणत घरी आलो आणि पत्रक आईपुढे टाकलं. "आई, मला एक सांग. डावा का बरा होत नाही?"

"डावा बरा शे," आई शांतपणे म्हणाली. "उजव्याबरोबरच झाला."

"मग रोज सात का सांगत होतीस?"

"दोन सांगितलं असतं तर तू बाटली बंद केली असती."

मला कळेना. ती शेंगा सोलत होती, तशीच सोलत राहिली. "गावी एकटी होते, इथंही एकटीच होते. तू यायचा, मोबाइल बघायचा, झोपायचा. गुडघ्यांचं काय, तू जिने चढवले, सुटले मोकळे. तेल लावताना तू अर्धा तास बसतोस, एवढंच औषध लागू पडलं. उजव्याचं खरं सांगितलं. तिथं कुठं तू बसत होता?"

मला फार वाईट वाटलं. (थोडा रागही आला, आठ आठवड्यांचं रीडिंग वाया गेलं होतं.) मी म्हणालो, "आई, मी तेलाशिवायही बसेन."

"दोन दिवस बसशील. तू तक्त्याचा माणूस शे. बाटली असली की बसशील."

"मग खोबरेल लावतो."

"खोबरेल संपत नाही लवकर, घरातच असतं. याला वास बरा शे. आणि मी गावी जायचं म्हणत नाही आता."

त्यापुढे माझं काही चालण्यासारखं नव्हतं. पुढच्या दुसऱ्या रविवारी मी पुन्हा लॉजवर गेलो. कोणी ओळखू नये म्हणून हेल्मेट काढलंच नाही, काचही खाली ठेवली. रांगेत माझ्यामागे एक आजी होत्या. त्यांच्या हातात पिवळं पत्रक होतं.

"भाऊ, खरंच गुण येतो का रे?"

बावीस वर्षांची सवय, खोटं बोलवेना. मी बाटली पिशवीत टाकत हळूच म्हणालो, "आजी, तेलानं काही होत नाही. रोज थोडे जिने चढा, आणि मुलाला जवळ बसवा."

आजींनी पत्रक नाकाजवळ नेलं आणि माझा फोटो बराच वेळ निरखला. "म्हणजे हा माणूस खोटं बोलतो?"

"हो," मी हेल्मेटमधून म्हणालो.

"तरीच," आजी म्हणाल्या. "चेहऱ्यावरूनच वाटत होतं."