आमच्या ह्यांचा उखाणा

आमचे हे पेण-रोह्याच्या गावांतून हळदीकुंकवाला बायकांचे खेळ घ्यायचे. हातात माईक, अंगात चकचकीत जाकीट. उभा जन्म हेच केलं. मी स्टेजमागे फुगे फुगवायची, बक्षिसांच्या पिशव्या सांभाळायची. खेळायला मात्र मला कधी घेतलं नाही. "घरच्या माणसाला घेतलं की लोक म्हणतात, सेटिंग हाय," हे त्यांचं उत्तर. मला भयंकर राग यायचा. पैठणी नको होती मला, नुसती संगीतखुर्ची चालली असती.

खेळाआधी प्रत्येक बाईने उखाण्यात नवऱ्याचं नाव घ्यायचं, हा त्यांचा नियम. खाडीकडच्या गावांत एखादी लाजून अडली, की हे म्हणायचे, "नाव तरी घे गो, बाकी मी जोडतो." आणि तिथल्या तिथे यमक जुळवून द्यायचे. बाई हसत खेळात उतरायची.

यंदा रोह्याजवळच्या वरसे गावातल्या एका सोसायटीत त्यांचा शेवटचा कार्यक्रम झाला. घसा पार बसलाय, डॉक्टर म्हणाले, आता पुरे. खेळ संपल्यावर बायकांनी त्यांनाच घेरलं, "आज तुम्ही उखाणा घ्या." घरात मला कायम 'अगो' म्हणणारा माणूस! माईक तोंडाशी धरून नुसते उभे राहिले.

मग मीच मागून ओरडले, "नाव तरी घ्या, बाकी मी जोडते!"

त्यांनी घेतलं. बसक्या आवाजात, पण स्पष्ट.

मला काहीच जोडता आलं नाही.